आडनावातली पदवी आणि घराण्याची खूण

आडनाव देशमुख, देशपांडे किंवा पाटील असलं म्हणून लगेच ‘आपण अमुक सरदारांचे वंशज’ असं वंशावळीत लिहू नका. ही मुळात वतनी, म्हणजे वंशपरंपरेने चालणारी कामं. देशमुख-देशपांडे परगण्याचे (अनेक गावांच्या मुलखाचे), पाटील-कुलकर्णी गावचे. एकाच आडनावाची, नात्याचा धागा नसलेली घराणी गावोगाव आहेत. आडनावावरून ‘राजचिन्ह’ छापून देणाऱ्यांना तर पैसे देऊच नका. इंग्लंडातसुद्धा ढालचिन्ह आडनावाला नसतं, ते व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं.

आपल्याकडची खरी खूण म्हणजे देवक, कुलदैवत आणि जुन्या कागदांवरचा शिक्का. मोडी पत्राच्या शेवटी ‘मोर्तब सुद’ (म्हणजे शिक्का उमटवला) दिसलं, की पत्राच्या मुख्य शिक्क्यातलं (तो बहुधा वरच्या बाजूला असतो) नाव आधी वाचून घ्या. कागद कोणाच्या अधिकारात निघाला ते तिथे कळतं.

नाशिकला रामकुंडावर आपल्या तीर्थोपाध्यायांकडे जाताना मूळ गाव आणि पणजोबांपर्यंतची नावं लिहून न्या. त्यांच्या वह्यांत आलेल्या यजमानांच्या नोंदी असतात. पूर्वजाने तिथे स्वतःचं नाव कसं लिहिलंय, ते अक्षरशः उतरवा. पणजोबांच्या नोंदीत ‘देशमुख’ नसून नुसतं गावावरून पडलेलं आडनाव असेल, तर पदवी नंतर चिकटली का, हे वतनाच्या कागदांत शोधा.