एकटीने यूटाला निघताना

ऑक्टोबरात झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही अमेरिकेतल्या यूटा राज्यातली पाच राष्ट्रीय उद्यानं एकटीने गाडी चालवत करायची असतील, तर कपड्यांची बॅग सगळ्यात शेवटी भरा. शेजारच्या सीटवरचं माणूस नकळत कितीतरी कामं करत असतं. रस्ता बघतं, पाणी पुढे करतं, डोळा लागायला लागला की हाक मारतं, आपण वेळेवर परतलो नाही तर आरडाओरडा करतं. ही सगळी कामं आता कोणाला तरी किंवा कशाला तरी वाटून द्यायची आहेत. माझी यादी तिथूनच सुरू होते.

शेवटचं काम सगळ्यात आधी. कोणत्या दिवशी कोणती पायवाट, गाडी कुठे लावणार, गाडीचा नंबर आणि रंग, किती वाजेपर्यंत फोन येईल, एवढं एका कागदावर लिहून तो अमेरिकेतल्याच कोणाकडे तरी द्या. पहिल्या वेळी मी तो पुण्याला आईला पाठवला होता. यूटात संध्याकाळचे ६ म्हणजे तिकडे पहाटेचे साडेपाच, आई उठलेलीच असते, म्हणून बरं वाटलं. पण माझा फोन आला नसता तर तिने पुण्याहून ९११, म्हणजे अमेरिकेतला तातडीच्या मदतीचा नंबर, कसा लावला असता? आता कागद फिनिक्सच्या मैत्रिणीकडे असतो आणि त्यावर त्या त्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफ ऑफिसचा, म्हणजे तिथल्या पोलिसप्रमुखाच्या कचेरीचा, पूर्ण नंबर असतो, कारण यूटात हरवलेल्याला शोधायची जबाबदारी शेरीफची. उद्यानाच्या फाटकावर आपली परतायची वेळ कोणी टिपून ठेवत नाही. एप्रिल २००३ मध्ये अॅरन राल्स्टन हा गिर्यारोहक यूटातल्या ब्लूजॉन कॅन्यन या अरुंद घळीत दगडाखाली हात अडकून पाच दिवस पडून होता आणि शेवटी स्वतःचा हात कापून बाहेर आला. कुठे जातोय हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. फोनला रेंज नसते हे गृहीत धरा. उपग्रहावरून मदत मागता येईल असं यंत्र किंवा तशी सोय असलेला फोन घ्या आणि तो कसा चालतो ते घरीच बघून ठेवा.

गाडी ताब्यात घेताना तिथल्या तिथे डिकी उघडा आणि खालचं कापड उचला. मला एकदा तिथे स्टेपनीऐवजी छोटा कॉम्प्रेसर आणि चिकट द्रवाची बाटली मिळाली. खिळा लागला तर ते पुरतं, दगडाने टायरची कड फाटली तर नाही. स्टेपनी असलेलीच गाडी मागा, जॅक आणि पाना मोजून घ्या. पहाटे हवा कमी असल्याचा दिवा लागला तर घाबरू नका. तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की टायरमधला हवेचा दाब साधारण १ पीएसआयने (दाब मोजायचं एकक) कमी होतो, आणि ब्राइसचा काठ ८,००० फुटांच्या वर आहे. तिथे रात्री पाणी गोठतं, तर आर्चेसजवळच्या मोआब गावात दुपारी हाफ शर्टावर फिरता येतं. म्हणून थर्मल, कानटोपी आणि टोपी तिन्ही घ्या. कोजागरीच्या आसपास जाणार असाल तर ब्राइसच्या मुक्कामी थर्मासात आटवलेलं दूध न्याच. चांदण्यात ते दगडी सुळके बघत उभं राहायला मी आयुष्यभर तयार आहे.

टाकी अर्धी झाली की भरायची. कॅपिटल रीफजवळच्या टोरी गावानंतर पेट्रोल हॅन्क्सव्हिलला आणि मग थेट ग्रीन रिव्हर गावात, मध्ये भरवशाचं काही नाही. नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा आणि एक कागदी नकाशाही घ्या, कारण फोन जवळचा रस्ता म्हणून कच्च्या वाटेवर नेतो. तिथली बेंटोनाइट माती आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या मातीच्याच जातीची. ओली झाली की फोर व्हील ड्राइव्हसुद्धा जागची हलत नाही.

पाण्याच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही: दिवसाला माणशी ४ लिटर, शिवाय गाडीत वेगळा कॅन. तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळ-शेंगदाणे, लिंबू-मीठ-साखरेची पुडी. अरुंद घळीत शिरण्याआधी रोज सकाळी रेंजरला (उद्यानाच्या रक्षकाला) पुराचा अंदाज विचारा. डोक्यावरचं निळं आकाश बघून ठरवू नका. १२ ऑगस्ट १९९७ ला शेजारच्या ॲरिझोना राज्यातल्या लोअर अँटिलोप कॅन्यन या घळीत ११ पर्यटक वाहून गेले, तेव्हा पाऊस प्रवाहाच्या वरच्या अंगाला कित्येक मैलांवर पडला होता.

अँटिलोप करायचंच असेल तर हातात साधं घड्याळ बांधा. ते नवाहो या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहे, वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत आणि वेळ ॲरिझोनाची धरतात. ऑक्टोबरात यूटा एक तास पुढे असतं, आणि अँटिलोपजवळच्या, राज्यांच्या सीमेलगतच्या पेज गावात फोन कधी या तर कधी त्या टॉवरची वेळ दाखवतो.

अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हरणं आणि मोकाट गुरं रस्त्यावर येतात. डोळा लागला तर हाक मारणारं कोणी नाही, म्हणून मुक्काम सूर्यास्ताआधीचा ठरवा.

आणि एक रिकामी कापडी पिशवी, काही सुट्ट्या डॉलरच्या नोटा. कॅपिटल रीफमध्ये फ्रूटा या ठिकाणी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतवाल्यांनी लावलेल्या फळबागा आहेत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोचलात तर सफरचंदं मिळतील. बागेत उभं राहून खाल तेवढी फुकट. घरी न्यायची असतील तर तिथल्या काट्यावर स्वतः वजन करायचं आणि पैसे पेटीत टाकायचे.