घोडा लंगडतोय? तेलाची बाटली खाली ठेवा

घोडा लंगडला की मालकाचा हात आधी खांद्यावर जातो. 'खांदा भरलाय' म्हणायचं, तेल चोळायचं, गावात डाग देणारा असेल तर त्याला बोलवायचं. उभ्या घोड्याचं जवळपास 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं आणि पुढचा पाय लंगडत असेल तर दुखणं बहुतेकदा खुरातच सापडतं. डागाने फक्त कातडी जळते. आधी खूर उचला.

पाय ओळखण्यातही गफलत होते. कडक, सपाट जमिनीवर दोर सैल सोडून घोडा दुडकीने पळवा. दुखरा पुढचा पाय टेकताना मान वर जाते, चांगला टेकताना खाली येते. बरेच लोक हे उलटं धरतात आणि चांगल्याच पायाला पट्टी बांधतात. मागच्या पायासाठी मागे उभे राहून पुठ्ठे बघा. ज्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो, तो पाय.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: तपासण्याआधी दुखणं मारणारं इंजेक्शन. लग्नसराईत हे हमखास घडतं. रविवारी नाल ठोकली, एक खिळा पांढऱ्या रेघेच्या (खुराची भिंत आणि तळवा जिथे जुळतात ती रेघ) आत गेला. घोड्याने पाय झटकला, नालबंदाने दटावलं आणि ठोकून मोकळा झाला. बुधवारी घोडा किंचित लंगडतो. इंजेक्शन दिलं, संध्याकाळी चाल सरळ. दोन वराती डांबरी रस्त्यावर झाल्या. शनिवारी घोडा पाय टेकवेना. मालकाला वाटतं, हाडच मोडलं. मोडलेलं नसतं, पू साचलेला असतो. खालून वाट मिळाली नाही की तो खुराच्या भिंतीमागून वर चढतो आणि केसांच्या कडेला फुटतो. तळातून वाट करून दिली असती तर आठवड्याभरात निभावलं असतं. आता किती दिवस जातील, सांगता येत नाही.

म्हणून घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवायची सवय लावा. निरोगी पायात तिथली नाडी जेमतेम लागते. ठणठण उडत असेल आणि खूर गरम असेल, तर नाल काढायला लावा, एकेक खिळा ओढताना त्यावर ओल किंवा काळा पू दिसतो का ते बघा. तळवा पशुवैद्याकडूनच उघडा, चाकू घेऊन स्वतः कोरू नका. नंतर बादलीभर कोमट पाण्यात दोन मुठी एप्सम सॉल्ट टाकून पाय 15-20 मिनिटं बुडवा, दिवसातून दोनदा. पाय कोरडा करून वर बाळाचा डायपर आणि चिकटपट्टी. याहून स्वस्त आणि टिकाऊ पट्टी नाही. धनुर्वाताची लस झालेली आहे का, तेही विचारा, कारण घोड्याला तो पटकन होतो. (आणि ते दुखणं मारणारं इंजेक्शन डायक्लोफेनॅकचं असेल तर जनावरांसाठी त्यावर 2006 पासूनच बंदी आहे, ते टोचलेली मेलेली जनावरं खाऊनच गिधाडं मेली.)

दुसरी चूक चंदीची, म्हणजे दाण्यांच्या खुराकाची. घोडा पोत्यात तोंड घालून पोटभर दाणे खातो, आणि दोन दिवसांत पुढचे पाय पुढे ताणून, वजन मागे टाकून उभा राहतो. 'आखडलाय, फिरवून मोकळा करा' म्हणणाऱ्याला तबेल्याबाहेर काढा. खुराच्या आतलं हाड भिंतीपासून सुटत असतं, प्रत्येक पावलाने ते आणखी सुटतं. दाणे बंद, खाली वाळूचा जाड थर, पाय गुडघ्याखालपर्यंत बर्फाच्या पाण्यात 48 ते 72 तास, आणि डॉक्टर त्याच दिवशी. पोटभर दाणे खाल्लेले कळले तर लक्षणांची वाट बघू नका, लगेच फोन करा.

बाकीच्या थोडक्यात. तळव्यातल्या मऊ त्रिकोणी भागात खिळा रुतला तर उपटू नका. दिशा आणि खोली एक्स-रेत दिसू द्या. टेकून तो आणखी आत जात असेल तरच काढा, काढण्याआधी जागेचा फोटो घ्या. नडगीमागची नस (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, रक्ताची नव्हे) सुजली तर पहिले दोन दिवस शेक नाही, बर्फ. आणि सूज उतरली म्हणून महिन्याभरात स्वारी नाही, ती नस सांधायला 6 ते 12 महिने घेते. नाल झिजेपर्यंत थांबू नका, दर सहा आठवड्यांनी काढून खूर तासून घ्या.