कॉम्प्रेस्ड एअरची लाईन वेल्डिंग करताना काय काय बघायचं

नवी मुंबईत रबाळे, महापे, तुर्भे, तळोजा, नाहीतर इकडे ठाण्यात वागळे इस्टेट, कुठल्याही गाळ्यात जा, गॅसची लाईन म्हटलं की सगळे जपून असतात पण एअरची लाईन म्हटलं की "हवाच तर आहे, मार दोन टाके" असंच ऐकायला मिळतं. माझा सगळा जीव याच वाक्यावर अडकतो म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. दोन इंची पाईपच्या टोकाला जी कॅप असते ना, तिच्यावर सात बार प्रेशरला आतून साधारण दीडशे किलोचा जोर असतो, म्हणजे सिमेंटच्या तीन गोण्या. ती कॅप सुटली तर समोर कोण उभं आहे हे ती बघत नाही.

वेल्डिंग येणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत, हात चांगला असतो, बीड (वेल्डची रेघ) सुंदर पडतो. गडबड होते ती आर्क लावायच्या आधी आणि वेल्डिंग झाल्यावर, म्हणून तिथेच जास्त लिहितो.

तुर्भ्याच्या एका गाळ्यात आमचं काम होतं, लाईनमध्ये नवीन टी (फाटा काढायचा तीन तोंडी जॉइंट) टाकायचा होता. कॉम्प्रेसर बंद केला, व्हॉल्व्ह बंद केला, गेजचा काटा शून्यावर. हेल्परने युनियनवर (पाईप खोलता येईल अशा आट्याच्या जोडावर) पाना लावला, दीड-दोन आटे फिरले आणि असा फाटकन आवाज झाला की पोरगं शिडीवरून मागे पडता पडता वाचलं. त्याने एका हाताने अँगल धरला होता म्हणून निभावलं. नंतर बघितलं तर गेजचा काटाच अडकलेला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लाईन रिंग होती. पूर्ण शेडला गोल फिरून आलेली, त्यामुळे एका बाजूचा व्हॉल्व्ह बंद केला तरी दुसऱ्या बाजूने हवा येतच होती. रिंग लाईन असेल तर कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद करायचे, हे त्या दिवसापासून मी स्वतः चालत जाऊन हात लावून बघतो, कोणाच्या सांगण्यावर नाही.

तर आधी लाईन स्वतः पायाखाली घाला, कुठून कुठे जाते, कुठे एनआरव्ही (हवा एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह) आहे, स्टँडबाय कॉम्प्रेसर कुठे जोडलाय. स्टँडबाय मशीन ऑटोवर असतं, प्रेशर पडलं की आपोआप चालू होतं, म्हणून दोन्हीचा मेन स्विच खाली आणि त्याला कुलूप, चावी वेल्डिंग करणाऱ्याच्या खिशात. सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये नाही. व्हॉल्व्हलाही साखळी-कुलूप लावा आणि "काम चालू आहे" अशी पाटी लटकवा. मग कामाच्या भागातला सगळ्यात खालचा ड्रेन कॉक हळूहळू उघडा, हवा पूर्ण जाईपर्यंत थांबा आणि तो कॉक काम संपेपर्यंत उघडाच राहू द्या. एनआरव्ही आणि बंद व्हॉल्व्हच्या मध्ये हवा कोंडून राहते, तो तुकडा वेगळा रिकामा करायचा. गेज काय दाखवतं ते बघा, पण विश्वास उघड्या कॉकवरच ठेवा. जुने बॉल व्हॉल्व्ह बंद केले तरी आतून थोडी हवा सोडतात, म्हणून शक्य असेल तिथे फ्लँज (बोल्टने जोडलेली चकती) खोलून मध्ये ब्लाइंड प्लेट (भोक नसलेली प्लेट) टाका किंवा लाईन चक्क वेगळी करा.

दुसरी गोष्ट तेलाची. स्क्रू असो की पिस्टन, कॉम्प्रेसरमधून थोडं तेल हवेबरोबर जातंच आणि वर्षानुवर्षं पाईपच्या आत बसतं, कॉम्प्रेसरजवळच्या गरम भागात तर त्याचा काळा कार्बन होतो. त्यावर टॉर्च लावली की वाफ होते आणि बंद पाईपमध्ये ती पेटली तर स्फोटच. जुन्या लाईनला पहिला काप गॅस कटरने घेऊ नका, हॅक्सॉ किंवा पाईप कटरने घ्या, दोन्ही टोकं उघडी ठेवा, आत बोट फिरवून बघा, तेल लागलं तर तो तुकडा काढून धुऊन वाळवून मगच. धुवायला ब्रेक क्लीनरसारखी क्लोरीनवाली रसायनं वापरू नका, त्यांच्या वाफेवर आर्कचा उजेड पडला तर फॉस्जीनसारखा जीवघेणा वायू तयार होतो. आणि ऑक्सिजनचं सिलेंडर जवळ आहे म्हणून त्यानेच लाईन ब्लो करायची (फुंकून साफ करायची), हे कधीच, म्हणजे कधीच करायचं नाही. तेल आणि प्रेशरचा ऑक्सिजन एकत्र आले की ठिणगीचीही गरज लागत नाही.

एअर रिसीव्हर टाकीला तर हातच लावू नका. छोटं भोक आहे, पिनहोल आहे, एक टाका मारला की झालं, असं मालक म्हणेल. ती टाकी प्रेशर व्हेसल आहे, तिची दुरुस्ती आणि तपासणी सक्षम व्यक्तीकडूनच व्हायला पाहिजे. गंजून पिनहोल पडलंय म्हणजे बाजूचा पत्राही आतून पातळ झालेला असतो.

आता पाईप. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आणा नाहीतर जवळच्या दुकानातून, आयएस 1239 चा बघून घ्या, पिवळा पट्टा ए क्लास, निळा बी, लाल सी. वेल्डिंगसाठी मी बी किंवा सी घेतो, दोन इंचीत बी ची जाडी 3.6 एमएम येते. स्वस्त पडतं म्हणून पीव्हीसी घालणारेही आहेत, कृपया नको, पीव्हीसी हवेच्या प्रेशरने फुटलं की काचेसारखे तुकडे उडतात.

वेल्ड करायची लाईन असेल तर काळा एमएस (साध्या पोलादाचा) पाईप घ्या, जीआय (जस्ताचा थर दिलेला) नको. जस्त 907 डिग्रीला उकळतं, आर्क त्याच्या कितीतरी वर, म्हणून तो पांढरा धूर होतो. तो धूर छातीत गेला की काम करताना काही वाटत नाही, रात्री थंडी वाजून ताप येतो, तोंडाला धातूची चव, अंग ठणकतं, दिवस-दोन दिवसांत उतरतं पण तोपर्यंत माणूस हैराण. दूध प्यायलं की चालतं असं सगळे सांगतात. दूध प्या, चांगलंच आहे, पण धूर फुप्फुसात जातो, पोटात नाही, दुधाने तो धूर काही अडत नाही. जीआयला वेल्डिंग करावंच लागलं तर जॉइंटच्या दोन्ही बाजूला दोन-दोन इंच जस्त ग्राइंडरने घासून काढा (ग्राइंडिंगच्या धुळीलाही मास्क लागतो), धूर ओढणारा पंखा बाजूने लावा आणि साधा रुमाल नाही तर धुराचा पार्टिकल मास्क घाला. ताप आला, श्वास लागला तर सरळ डॉक्टरकडे जा आणि जस्ताचा धूर गेलाय हे सांगा.

जॉइंटचं थोडक्यात. टोकाला साधारण 30 ते 37 डिग्रीची व्ही (तिरका उतार) मारा, नाकाला (उताराच्या टोकाला) दीड एमएम जाडी ठेवा, अडीच एमएम रॉडचं फ्लक्स (वरचा लेप) झाडून तार वाकवायची आणि दोन पाईपच्या मध्ये ठेवायची, गॅप आपोआप बरोबर येतो. चार टाके समोरासमोर, मग रूट (सगळ्यात आतला पहिला थर). मला विचाराल तर एअर लाईनला रूट टिगने (आर्गॉन गॅसच्या आवरणात होणाऱ्या वेल्डिंगने) घ्यावा, कारण रॉडचा स्लॅग (वेल्डवरची खपली) आत पडतो आणि तो पुढे जाऊन सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि सिलेंडरच्या सील खातो. टिग करताना शेडचे मोठे पंखे बंद ठेवा, वाऱ्याने आर्गॉन उडतो आणि वेल्ड जाळीदार होतो. 7018 नंबरचा रॉड वापरत असाल तर तो ओव्हनमधून काढलेला गरमच पाहिजे, आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या पाकिटातला नाही. सॉकेट फिटिंगमध्ये पाईप तळाला टेकवून वेल्ड करू नका, टेकवून दीड एमएम मागे ओढा, नाहीतर गरम झाल्यावर पाईप लांबतो आणि वेल्डला चीर जाते. जमेल तेवढे जॉइंट खाली जमिनीवर स्टँडवर मारा, वर फक्त फ्लँज जोडायला ठेवा, शिडीवर लटकून मारलेला जॉइंट खालच्या जॉइंटसारखा होत नाही.

पावसाळ्यात ओले हातमोजे, ओले बूट घालून होल्डर धरू नका, रॉड लागला नसताना मशीनचे 60 ते 80 व्होल्ट असतात आणि घामाने भिजलेल्या माणसाला ते पुरतात. अर्थ क्लॅम्प जॉइंटच्या जवळ त्याच पाईपला लावा, शेडच्या कॉलमला किंवा क्रेनच्या ट्रॅकला नको. वेल्डिंग शील्डची काच 10 किंवा 11 नंबर, आणि टाका मारताना डोळे मिटले की झालं असं नाही, हेल्परलाही गॉगल द्या. उंचीवर फुल बॉडी हार्नेस, जुन्या सिमेंट पत्र्यावर पाय नाही. खाली अकरा मीटरपर्यंत पुठ्ठा, थिनर, कापसाचे बोचके हलवा, फायर एक्स्टिंग्विशर जवळ, आणि काम संपल्यावर तासभर एक माणूस तिथेच, कारण ठिणगी पुठ्ठ्यात धुमसत राहते आणि सगळे घरी गेल्यावर पेटते.

टेस्टिंगला लोक सगळ्यात जास्त घाई करतात. वेल्ड झाला, कॉम्प्रेसर चालू, साबणाचं पाणी, संपलं. नवीन वेल्ड पहिल्यांदा पाण्यानेच तपासा. पाणी दाबलं जात नाही, जॉइंट गेला तर चिळकांडी उडते आणि प्रेशर लगेच पडतं, हवा मात्र स्प्रिंगसारखी दाबून बसलेली असते. डिझाइन प्रेशरच्या दीडपट घ्या, म्हणजे 10 बारच्या लाईनला 15, त्याआधी एफआरएल (मशीनआधीचा फिल्टर, रेग्युलेटर आणि तेल देणारा लुब्रिकेटर), होज, गेज काढून प्लग मारा, वरच्या टोकाने हवा सोडून द्या. सपोर्ट बघा, चार इंची लाईनमध्ये मीटरला पावणेनऊ लिटर पाणी येतं, ते वजन ब्रॅकेटवर येणार. पाणी भरता येतच नसेल तर हवेने टेस्ट करा पण सेफ्टी व्हॉल्व्ह लावून, जागा दोरीने बंद करून, माणसं बाहेर काढून. आधी दीड बारला थांबा, लांबूनच आवाज ऐका, मग थोडं थोडं वाढवा. प्रेशर असताना जॉइंटवर हातोडी नाही, बोल्ट टाइट करणं नाही, आणि गळती दिसली तर पहिलं प्रेशर शून्य करा मगच हात लावा. प्रेशरवर असलेल्या पाईपला वेल्ड मारून गळती थांबवणारे "उस्ताद" मी बघितलेत, गरम पोलाद मऊ होतं आणि आतली हवा ते बाहेर ढकलते.

टेस्टनंतर पाणी काढा आणि लाईन ब्लो करा, टोक बांधून, समोर कोणी नको. आपल्या खाडीकाठच्या हवेत ओल इतकी की लाईनमध्ये पाणी साचणारच, म्हणून शंभर मीटरला एक मीटर उतार आणि शेवटी ड्रेन, आणि मशीनकडे खाली उतरणारा पाईप म्हणजे ड्रॉप, हेडरच्या (मुख्य लाईनच्या) वरच्या बाजूने वळवून घ्या म्हणजे पाणी मशीनमध्ये येत नाही. आकाशी निळा रंग मारा, हवेच्या दिशेचा बाण काढा, व्हॉल्व्हवर नंबर लिहा, पुढच्या माणसाला रिंग कुठून कुठे जाते ते भिंतीवर काढून ठेवा. आठवड्याने सुट्टीच्या दिवशी सगळी मशीनं बंद असताना एकदा जा, प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावा आणि एफआरएलची वाटी खोलून बघा, काळी भुकटी दिसली तर लाईन अजून साफ झालेली नाही, परत ब्लो करा.