टर्की शोधायची तर आधी घुबड व्हा: लोकेटर कॉल कसे वापरायचे

मंडळी, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, टर्की नावाच्या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचं हे सगळं अमेरिकेतलं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे, तेव्हा सुट्टीत गावी गेल्यावर तितर-लावे बघून हात शिवशिवले तरी गप्प बसायचं. मी मिझुरीत राहतो, इथे टर्कीचा स्प्रिंग सीझन एप्रिलमध्ये सुरू होतो आणि ऑफिसातल्या एका जुन्या खोडाने (ह्याला पुढे मी उस्तादच म्हणणार) नादाला लावल्यापासून दरवर्षी पहाटे साडेतीनला उठून ओझार्कच्या डोंगरात तंगडतोड चालू असते. इथल्या ओळखीतले दोघंतिघं यंदा पहिल्यांदा लायसन्स काढतायत, हंटर एज्युकेशनचा कोर्सही झालाय त्यांचा, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, एवढ्या मोठ्या जंगलात तो पक्षी आहे कुठे हे कळतं कसं? तर त्यासाठी लोकेटर कॉल.

आता हा प्रकार चालतो कसा ते बघा. माझं आजोळ शिरूर तालुक्यातलं, मोराच्या चिंचोलीच्या बाजूचं. पावसाळ्याच्या तोंडावर ढग गडगडला रे गडगडला की माळावरून मोर ओरडायचे, एकाने सुरू केलं की पाठोपाठ चार. कोणी त्यांना हाक मारलेली नसायची, मोठा आवाज झाला की आपोआप तोंडातून निघायचं. टर्कीच्या नराचं वसंतात अगदी सेम होतं. विणीचा हंगाम, अंगात रग, आणि अशात अचानक मोठा आवाज कानावर पडला की पठ्ठ्या विचार न करता गॉबल (नराची ती मोठी ओरड) ठोकून मोकळा. ह्याला इथे शॉक गॉबल म्हणतात. घुबड, कावळा, कोल्ह्यासारखा तो कायोटी, ढगांचा गडगडाट, ट्रेनचा भोंगा, कशालाही उत्तर देतो. म्हणजे आपण घुबडाचा आवाज काढायचा, तो चुकून बोलायचा, आणि आपल्याला त्याचा पत्ता मिळायचा. बस, एवढंच काम. लोकेटर कॉलने टर्की तुमच्याकडे येत नाही, येऊही नये, आणि नवीन माणूस नेमका इथेच गंडतो.

मी पण गंडलो होतो. पहिल्याच सीझनला मला वाटलं घुबड-बिबड कशाला, माझ्याकडे मस्त बॉक्स कॉल (घासून आवाज काढायची लाकडी डबी) आहे, मादीचा आवाज काढतो, बोलेल की तो. लाकडं वाहायच्या जुन्या रस्त्यावर मधोमध उभा राहून, बंदूक खांद्याला लटकवलेली, दोन-चार यल्प (मादीच्या हाका) काढले आणि वळणाच्या पलीकडूनच असा गॉबल आला की छातीत धस्स झालं. आता मादी हाक मारतेय म्हटल्यावर तो थांबतो कशाला, मी बसायला झाड शोधेपर्यंत वळणावर लाल-निळं डोकं दिसलं, तीस यार्डांवर. त्याने मला बघितलं, मी त्याला बघितलं, आणि विषय संपला. मादीचा आवाज काढला की नर निघतो तरी, नाहीतर जागेवर उभा राहून तीच यायची वाट बघत बसतो, दोन्ही केसमध्ये तुम्ही तयार नसाल तर पोपट. घुबडाच्या आवाजाला तो फक्त ओरडतो, हलत नाही, म्हणून तुम्हाला जागा निवडायला, फिरून जवळ जायला, बसायला वेळ मिळतो.

पहाटेचा राजा म्हणजे घुबड. इथे बार्ड आउल नावाचं घुबड सगळीकडे असतं, अंगावर तपकिरी पट्टे, काळे डोळे, आणि त्याची हाक आठ सुरांची, चार-चारच्या दोन ओळी: हू हू हु-हूऽ, हू हू हु-हूऽऑ. शेवटचा सूर घसरत खाली जातो, जसं कोणीतरी वाक्य अर्धवट सोडून दिलंय. दुकानात हूटर मिळतो, दहा-वीस डॉलरची फुंकायची नळी, पण उस्ताद नुसत्या तोंडाने करतो आणि खरं सांगायचं तर तेच शिकून घ्या, कारण अंधारात खिशात नळी शोधत बसावं लागत नाही. आवाज घशातून नाही, पोटातून काढायचा. दोन्ही हातांची ओंजळ तोंडासमोर धरायची आणि हू ऐवजी हूप म्हणायला जातोय असा ओठांचा आकार ठेवायचा. मी बाथरूममध्ये प्रॅक्टिस करायचो, बायको म्हणाली शेजारचे पोलिस बोलावतील. त्यामुळे आता गाडीत करतो, काचा वर करून.

पण थांबा, अंधारात पोचल्या पोचल्या लगेच हू हू सुरू करायचं नाही. आधी गप्प उभं राहायचं. सूर्योदयाच्या साधारण पाऊण तास आधीपासून नर झाडावर बसल्या बसल्या स्वतःहून बोलायला लागतो (टर्की रात्री झाडावर झोपते, त्या जागेला रूस्ट म्हणतात), आणि तो स्वतःहून बोलत असेल तर तुम्ही कशाला तोंड घालताय? खरी घुबडंही त्या वेळी बोलत असतातच, तेच तुमचं काम फुकटात करून देतात. कोणीच बोलत नसेल, चांगलं फटफटायला लागलं, पहिले छोटे पक्षी चिवचिवायला लागले की मग डोंगराच्या धारेवर उभं राहून हूट करायचं. धारेवर का, तर दोन्हीकडच्या दऱ्यांमध्ये आवाज जातो आणि दोन्हीकडचं उत्तर ऐकू येतं. मात्र अगदी माथ्यावर आभाळाच्या पार्श्वभूमीवर खांबासारखं उभं राहू नका, एक पाऊल खाली, झाडाला लागून.

आणि आता मेन गोष्ट, जी मला दोन सीझन कळली नव्हती. हूट छोटा ठेवायचा. शॉक गॉबल तुमच्या आवाजाच्या शेपटीवरच येतो, कधीकधी तर मध्येच, आणि तुम्ही तिथे आठच्या आठ सूर आळवत बसलात तर तुमच्याच आवाजात त्याचं उत्तर बुडून जातं. एकदा मी पूर्ण तान घेऊन थांबलो, कान टवकारले, काही नाही, म्हटलं चला पुढे. उस्ताद वीस पावलं बाजूला उभा होता, तो डोळे वटारून बघतोय. म्हणाला दोनदा बोलला की रे तो, तू गात होतास. तेव्हापासून मी पहिल्यांदा तीन-चार सूरच काढतो, झटकन तोडतो, आणि तोंड किंचित उघडं ठेवून ऐकतो, श्वाससुद्धा रोखून. दोघं असाल तर एकाने आवाज काढायचा आणि दुसऱ्याने लांब उभं राहून फक्त ऐकायचं. अर्धा मिनिट, मिनिटभर थांबा, मग हवं तर पूर्ण हाक. एकदा उत्तर मिळालं की परत परत विचारायचं नाही, फार तर दिशा पक्की करायला अजून एकदा. सारखं उकरत बसलात तर तो गप्प होतो, आणि पब्लिक, म्हणजे सगळ्यांना खुल्या सरकारी जमिनीवर तर दुसरा शिकारीही तुमच्यासोबत ऐकत असतो हे विसरू नका.

ह्यावरून आठवलं. मार्क ट्वेन नॅशनल फॉरेस्टमध्ये एकदा मी हूट केला, समोरच्या टेकडीवरून घुबडाने उत्तर दिलं, मी परत केला, त्याने परत दिलं, दहा मिनिटं आमची जुगलबंदी रंगली, मी मनात खूश की काय भारी जमलंय. नंतर खाली ओढ्याकाठी एक दाढीवाला भेटला, गळ्यात हूटर. तोही माझ्याइतकाच ओशाळला. पण खरं घुबडही येतं हं, एकदा तर डोक्यावरच्या फांदीवर आवाज न करता येऊन बसलं आणि मान वाकवून माझ्याकडे असं बघत होतं जसं काय मी त्याच्या घरात भाड्याने राहतोय.

गॉबल ऐकला की अंतराचा अंदाज घ्यायचा, आणि हे सवयीनेच येतं. झाडावरून आलेला आवाज मोकळा, लांबवर जाणारा असतो, जमिनीवरचा जरा दबका. एप्रिलच्या सुरुवातीला झाडं उघडी असतात तेव्हा लांबचा पण जवळ वाटतो, मे महिन्यात पानं फुटली की उलटं, दोनशे यार्डांवरचा अर्ध्या मैलावर असल्यासारखा येतो. शिवाय त्याने पाठ फिरवून ओरडलं तर अजूनच लांब वाटतो. म्हणून शंका आली तर तो वाटतो त्यापेक्षा जवळ आहे असंच धरा. फोनवरच्या मॅपवर अंदाजे पिन टाका, मध्ये ओढा, तारेचं कुंपण असं काही आहे का बघा (ते ओलांडून यायला हा पक्षी बऱ्याचदा नाटकं करतो), आणि जमलं तर त्याच्या लेव्हलला किंवा थोडं वरच्या अंगाला जा. रूस्टपासून शंभर-दीडशे यार्ड पुरे. त्याहून जवळ घुसायचा मोह होतो, पण झाडावर बसलेल्या टर्कीची नजर म्हणजे काही विचारू नका, उजेड वाढला की बसल्या जागी सगळं टिपते. खांद्यापेक्षा रुंद झाडाला पाठ टेकून बसा, घुबड खिशात, आणि आता काढा तुमचा मादीचा आवाज, हळू, दोन-तीन यल्प.

सूर्य वर आला की घुबडाची ड्यूटी संपते आणि कावळ्याची सुरू होते. आपल्याकडे म्हणतात कावळा ओरडला की पाहुणा येतो, इथे पाहुणा येत नाही, नुसता मी इथे आहे म्हणून कळवतो. सकाळी सात-साडेसातनंतर नर मादीच्या मागे लागलेले असतात, जंगल एकदम गार पडतं, बरेच जण कंटाळून नाश्त्याला जातात. जाऊ नका. दहा-अकराच्या सुमाराला माद्या अंडी घालायला, उबवायला घरट्याकडे सटकतात आणि हा गडी एकटा पडतो, तेव्हा कावळ्याला हमखास बोलतो. धारेने चालत राहायचं, दोन-अडीचशे पावलांवर थांबायचं, आधी बसायला झाड हेरायचं आणि मग कॉल. हा क्रम उलटा करू नका, कारण उत्तर कधीकधी साठ यार्डांवरून येतं आणि मग धावाधाव. कावळा जोरात आणि तिखट हवा, काव-काव-काव, तीनच, तोडायचं, ऐकायचं. लांबलचक कावकाव म्हणजे पितृपक्ष, तिथे कामाचा नाही. कॉल जमिनीकडे तोंड करून सुरू करा, म्हणजे पहिला हळू जातो आणि जवळच कोणी असेल तर दचकून पळत नाही, नंतरचे वर.

बाकीचे कॉल पटकन सांगतो. पाइलिएटेड नावाचा लाल तुऱ्याचा मोठा सुतार पक्षी आहे, त्याची कॅक-कॅक-कॅक अशी चढती ओरड दिवसा चालते, जिथे सगळेच कावळा वाजवून गेलेत तिथे तर जास्तच. ससाण्याची किंकाळी मला कधी फारशी फळली नाही, उलट गप्प होतात असा माझा अनुभव. कायोटीची कोल्हेकुई लांब जाते म्हणून पश्चिमेकडच्या उघड्या मुलखात, मेरियम्स आणि रिओ ग्रांडे उपजातीच्या टर्कीसाठी खूप वापरतात, पण ती संध्याकाळी, पक्षी झाडावर चढल्यावर बरी, जमिनीवर असताना केली तर कायोटी म्हणजे त्याचा खाटीकच, पाय लावून पळायचा. आणि हो, मोराचा कॉलपण मिळतो इथे, खरंच! केकारव प्लास्टिकच्या नळीत बंद करून विकतात. मी घेतला, आजोळची आठवण म्हणून, टर्कीने दोनदा उत्तरही दिलं.

संध्याकाळची फेरी मात्र चुकवू नका. बंदूक गाडीत ठेवून सूर्यास्ताच्या सुमाराला धारेवर जायचं, उजेड मावळताना एक-दोन हूट, बोलला तर पिन टाकायची आणि आल्या पावली परत. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात कुठे जायचं हे माहीत असणं म्हणजे अर्धं काम. वारा जोरात असेल तर ह्यातलं काहीच करू नका, ना त्याला ऐकू जाणार ना तुम्हाला.

दोन गोष्टी सिरियसली. नराचा गॉबल काढणारा कॉलपण मिळतो, पब्लिक जमिनीवर तो वापरू नका, कोणीतरी तुमच्या आवाजावर बंदूक घेऊन येईल. आणि उलट, तुम्ही ऐकलेला गॉबल माणसाचाही असू शकतो, म्हणून आवाजावर दबा धरत चालत जायचं नाही, बसून बोलवायचं, आणि छातीवरची दाढी, म्हणजे तो केसांचा झुपका, स्पष्ट दिसल्याशिवाय सेफ्टी काढायची नाही. अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, मोजेसुद्धा नाही, नराच्या डोक्याचे तेच रंग असतात. इलेक्ट्रॉनिक कॉलचे आणि वेळेचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक वाचा.

मिझुरीत पब्लिक जमिनीवर दुपारी एकला सगळं थांबवावं लागतं. गेल्या वर्षी मी आणि उस्तादने सकाळभर घुबड केलं, कावळा केला, शेवटी मोरपण करून झाला, एक आवाज नाही. एक वाजून पाच मिनिटांनी गाडीपाशी आलो, बंदुका रिकाम्या करून केसमध्ये घातल्या, आणि मी वैतागून डिकी धाडकन आपटली. पार्किंगच्या मागच्या झाडीतून, शंभर यार्ड पण नसेल, गॉबल! उस्तादने शांतपणे डिकी उघडली, परत आपटली. परत गॉबल. त्याने फोन काढून पिन टाकली आणि म्हणाला, उद्या गाडी खाली पुलापाशी लावू.