फ्लड झालेलं रोटरी इंजिन: आधी कान, मग पाना

रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन, फ्लड झालंय (आत पेट्रोल साचून सुरूच होत नाही) की दुसरंच काही बिघडलंय, हे स्टार्टर मारताच कानाला कळतं. चांगलं १३बी (माझदाचं दोन रोटरचं) इंजिन स्टार्टरवर फिरताना भप-भप-भप असे एकसारखे ठोके देतं. फ्लड झालं की ठोके जातात. इंजिन नुसतं गर्रर्र करत, नेहमीपेक्षा हलकं आणि वेगात फिरतं, आणि सायलेन्सरकडून पेट्रोलचा वास येतो. माझ्याकडे दुसऱ्या पिढीची माझदा आरएक्स-७ आहे, १९८०च्या दशकातली. ही गाडी नव्याने घेणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगतो: तो गर्रर्र आवाज आला की चावी सोडा.

कारण दोष करंटचा नसतो, कॉम्प्रेशनचा असतो. रोटरच्या तिन्ही टोकांना एपेक्स सील असतात आणि हाउसिंगवरचा तेलाचा पातळ थर त्यांची फट बुजवतो. थंड इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल सढळ देतो. गाडी जरा मागेपुढे करून, इंजिन गार असतानाच बंद केली की ते पेट्रोल आत साचतं, तेलाचा थर धुऊन काढतं आणि प्लगही भिजवतं. पुन्हा स्टार्टर मारला की इंजेक्टर आणखी पेट्रोल ओततात. म्हणजे जितका हट्ट कराल तितकं इंजिन रुसणार.

आता काम. गाडी उघड्यावर आणा, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा, आजूबाजूला कुणी सिगारेट पेटवलेली नको. फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा कनेक्टर काढा. इग्निशन कॉइलचे कनेक्टरही काढा. ही पायरी कुणी टाळू नये, कारण थोड्याच वेळात प्लगच्या भोकांतून पेट्रोलचे तुषार उडणार आहेत आणि तिथे ठिणगी पडली तर गाडी पेटेल.

दोन रोटर, चार प्लग. खालचे लीडिंग, वरचे ट्रेलिंग. वायर काढण्याआधी चारही वायरींना चिठ्ठ्या लावा. प्लगही मिसळू देऊ नका, दोन्हींची हीट रेंज (प्लग किती गरम चालतो ते) वेगळी असते. साचलेलं पेट्रोल काढायला खालचे दोन काढले तरी पुरतं, पण मी चारही काढून पुसून वाळवतो. काळे पडलेले असतील तर नवेच घालतो. भोकांवर जुनं फडकं तुषार धरून ठेवील असं सैलसर अडकवा, ॲक्सिलरेटरचं पेडल पूर्ण दाबा आणि पाच ते दहा सेकंद स्टार्टर मारा. मग स्टार्टरला मिनिटभर विश्रांती, पुन्हा तेच. तुषार थांबले की पेट्रोल निघालं. भिजलेलं फडकं गाडीपासून लांब टाका.

आता धुऊन गेलेला तेलाचा थर परत द्यायचा. तेल घालताना बरेच जण घाई करतात. लीडिंग भोकातून तेल रोटरच्या तीन बाजूंपैकी फक्त समोर आलेल्या बाजूला मिळतं, उरलेल्या दोन कोरड्याच राहतात. शाफ्ट एक फेरा फिरला की रोटर एक तृतीयांश फिरतो, म्हणून पुढच्या पुलीला पाना लावून, इंजिन चालतं त्याच दिशेने, एकेक पूर्ण फेरा द्या आणि प्रत्येक फेऱ्याला अर्धा चमचा साधं इंजिन ऑइल सोडा. असे तीन फेरे, दोन्ही रोटरना. जास्त ओतू नका, नाहीतर प्लग तेलाने भिजतील.

प्लग आधी हाताने बसवा. हाउसिंग ॲल्युमिनियमचं आहे, आटा एकदा वाकडा गेला की पुढे मोठं काम निघतं. कनेक्टर, फ्यूज परत लावा. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, कारण सावकाश फिरणाऱ्या रोटरीत कॉम्प्रेशन तयारच होत नाही. माझदासुद्धा ते २५० आरपीएमला धरून मोजते. ठोके परत ऐकू आले की इंजिन लागणारच. निळसर-पांढरा धूर बराच निघेल. ते आपणच घातलेलं तेल जळतंय. तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत चालू ठेवा. नंतर इंजिन ऑइल बदलून टाका, त्यात पेट्रोल उतरलेलं असतं.

आरएक्स-८ (माझदाचीच नंतरची रोटरी गाडी) असेल तर हे सगळं करण्याआधी पेडल तळापर्यंत दाबून स्टार्टर मारून पाहा, तेव्हा इंजेक्टर बंद राहतात. जुन्या आरएक्स-७मध्ये मी त्यावर विसंबत नाही, पंपच बंद करतो. दुसऱ्या गाडीने ओढून चालू करण्याचा सल्लाही मिळेल. तो मला पटत नाही: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) जाऊन पेटतं आणि कन्व्हर्टर वितळतो.

गाडी गार असताना हलवावीच लागली तर काटा उठेपर्यंत चालू ठेवा, मगच बंद करा. आणि नीट गरम करून बंद केलेली गाडी सकाळी फ्लडच निघत असेल, तर इंजेक्टर गळतायत असं समजा. फ्युएल लाइनवर गेज लावून गाडी बंद केल्यावर दाब किती झपाट्याने उतरतो ते बघा. झपाट्याने उतरला तर चारही इंजेक्टर काढून, साफ करून, बेंचवर तपासून घ्या.