बर्फ विरघळत नाही: रसायनशास्त्र शिकताना या चुका टाळा

नववी-दहावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवताना दरवर्षी त्याच चुका लाल शाईने खोडते. मुलं हुशार असतात, पण सगळ्यांना पुढच्या प्रकरणाची घाई. शब्द कच्चे ठेवून पुढे गेलेलं मूल दिवाळीनंतर अडतं आणि म्हणतं, मला केमिस्ट्री जमत नाही. मग आम्ही मागे येतो, आणि गाडी बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या धड्यातल्याच एखाद्या शब्दापाशी रुतलेली सापडते.

वितळणे आणि विरघळणे

घरात आपण सर्रास म्हणतो, आइस्क्रीम विरघळलं, बर्फ विरघळला. घरी चालतं, वहीत चालत नाही. बर्फ वितळतो. त्याला उष्णता मिळते आणि तो स्वतःच स्थायूचा द्रव होतो, दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही. विरघळायला मात्र सामावून घेणारा दुसरा पदार्थ लागतो. 'मीठ पाण्यात वितळले' असं लिहिणाऱ्याला मी मिठाचा द्रवणांक, म्हणजे ते वितळण्याचं तापमान, विचारते. तो आहे ८०१ अंश सेल्सिअस. सरबताच्या पेल्यात एवढं तापमान कुठून येणार? साखर दोन्ही करते: चहात विरघळते, आणि कॅरॅमलसाठी कोरडीच भांड्यात तापवली की वितळते.

माझी सवय सांगते. क्रियापद लिहिण्याआधी 'कशात?' असं विचारायचं. साखर कशात? चहात. म्हणजे विरघळली. तूप कशात? कशातच नाही, नुसतं गरम केलं. म्हणजे वितळलं.

समीकरण जुळवताना सूत्रच बदलणे

समीकरण जुळवायचं म्हणजे बाणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक प्रकारचे अणू सारखेच भरायचे. त्यातल्या या चुकीचा मला खरा त्रास होतो, कारण ती करणाऱ्याला आपलं उत्तर बरोबरच वाटतं.

एका वर्षी पूर्वपरीक्षेनंतर एक मुलगा पेपर घेऊन आला. त्याच्याकडे 'हमखास येणारी ५० समीकरणं' असा छापील कागद होता आणि तो सगळा तोंडपाठ. पेपरात ॲल्युमिनिअम आणि ऑक्सिजनची अभिक्रिया आली, ती नेमकी त्या कागदावर नव्हती. त्याने उजवीकडे एक ॲल्युमिनिअम आणि दोन ऑक्सिजन जोडून सूत्र लिहिलं होतं. "मॅडम, मोजा ना. इकडे एक, तिकडे एक. इकडे दोन, तिकडे दोन. मार्क का कापले?"

मी विचारलं, ॲल्युमिनिअमची संयुजा, म्हणजे दुसऱ्या अणूंशी जोडण्याची क्षमता, किती? ३. ऑक्सिजनची? २. मग एकास दोन हे प्रमाण आलं कुठून? तो गप्प झाला. संयुजा त्याला पाठ होती, पण सूत्र संयुजेवरून ठरतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग मी स्वयंपाकघरातून राजमा आणि हरभरे आणले. राजमा म्हणजे ॲल्युमिनिअम, हरभरा म्हणजे ऑक्सिजन. नियम दोनच. ऑक्साइडच्या प्रत्येक ढिगात २ राजमे आणि ३ हरभरे हवेत (दोन तिना सहा, तीन दुणे सहा, म्हणजे संयुजा जुळते), आणि हरभरे जोडीनेच उचलायचे, कारण ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा असतो. एक जोडी घेतली, हरभरा कमी पडला. दोन घेतल्या, एक उरला. तीन जोड्या घेतल्या, ६ हरभरे झाले, दोन ढीग पूर्ण झाले आणि राजमे लागले ४. चार राजमे, तीन जोड्या, दोन ढीग: हेच समीकरणातले आकडे. वीस मिनिटं गेली, पण नंतर त्याने त्या कागदाला हात लावला नाही. असे कागद विकणाऱ्यांचा मला राग येतो. ते मुलांची ही वीस मिनिटं वाचवतात आणि पुढचं सगळं अवघड करून ठेवतात.

माझी मुलं सूत्रं पेनने लिहितात आणि सूत्राआधी लिहायचे आकडे, म्हणजे सहगुणक, पेन्सिलीने. अडलं की फक्त पेन्सिलीचं खोडायचं. पायाशी लिहिलेल्या छोट्या आकड्याला हात लावला की पदार्थच बदलतो. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी २ लिहिला तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं.

बाकीच्या, थोडक्यात

मूलद्रव्याच्या संज्ञेतलं दुसरं अक्षर लहानच काढा. 'सी'नंतरचा 'ओ' लहान असेल तर कोबाल्ट हा धातू, मोठा असेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू.

पोटॅशिअमची संज्ञा 'पी' नाही, 'के' आहे, कॅलिअम या नावावरून. 'पी' फॉस्फरसची.

तीव्र आम्ल आणि संहत आम्ल हे एक नव्हे. तीव्र म्हणजे पाण्यात जवळजवळ पूर्ण विचरण होणारं, म्हणजे आयनांमध्ये सुटं होणारं, संहत म्हणजे पाणी कमी असलेलं. ॲसेटिक आम्ल कितीही संहत केलं तरी सौम्यच, आणि तरीही कातडी भाजतं.

आम्ल विरल, म्हणजे पाणी घालून पातळ, करताना पाण्यात आम्ल घालायचं, हळूहळू आणि ढवळत. उलट कधीही नाही. इथे घाई केली तर डोळे जातात.

उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांत हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो, असं निम्मा वर्ग लिहितो. त्यात पाण्याचीच वाफ असते. झाकण उचलून आतले थेंब पाहा, पाणीच परत मिळालेलं दिसेल. अगदी सुरुवातीला, पाणी नुसतं कोमट असताना भांड्याच्या कडेला चिकटणारे बारीक बुडबुडे मात्र हवेचे असतात. ती हवा पाण्यात विरघळलेली होती.