दहा मीटर एअर पिस्तूल: साहित्य कसे निवडावे आणि छर्रे कसे पारखावेत

परदेशी नेमबाजांचे व्हिडिओ पाहून आलेला नवा नेमबाज बहुधा पहिला प्रश्न काडतुसे घरी भरण्याविषयी विचारतो. रिकामी पुंगळी स्वच्छ करून तिच्यात आघाताने पेट घेणारी नवी टोपी, मोजून घेतलेली दारू आणि शिशाची गोळी बसवणे हा अमेरिकेतील अनेक नेमबाजांचा नित्याचा उद्योग आहे. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे हा मार्ग हौशी माणसासाठी बंद आहे असेच समजावे. शिवाय ऑलिंपिकमधील २५ मीटर पिस्तूल प्रकारांत पॉइंट टू टू रिमफायर काडतूस वापरले जाते. त्याचे स्फोटक मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेले असते आणि फायरिंग पिनच्या आघाताने तो काठ चेपला जातो, म्हणून ती पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच काडतुसाच्या २५ मीटर प्रकारात.

महाराष्ट्रातील बहुतेक नेमबाजांची सुरुवात वरळी, बालेवाडी किंवा गावातील एखाद्या लहान रेंजवर दहा मीटर एअर पिस्तुलाने, म्हणजे दाबलेल्या हवेने शिशाचा छर्रा फेकणाऱ्या पिस्तुलानेच होते. तेथे काडतूस भरण्याच्या जागी छर्रे पारखण्याचे काम येते आणि साहित्यनिवडीचे बहुतेक प्रश्नही याच प्रकारात सुटतात. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्याची रेषा ४.५ मि.मी. व्यास आणि २० ज्यूल ऊर्जा अशी आखलेली आहे, तिच्या आतील एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. स्पर्धेचे पिस्तूल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने फेकते, म्हणजे त्याची ऊर्जा सहा ज्यूलच्याही आतच राहते. तरीही खरेदीच्या वेळी विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यावा आणि पावती पिस्तुलाच्या पेटीतच ठेवावी.

पैसे कोठे खर्च करावेत याविषयी माझे मत स्पष्ट आहे. आधी मुठीत नीट बसणारी पकड, मग ट्रिगर, आणि ब्रँडचा विचार त्यानंतर. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ आणि पार्दिनी या पाचही कंपन्यांची स्पर्धेची पिस्तुले शिकाऊ नेमबाजाच्या कुवतीपेक्षा कितीतरी अधिक अचूक असतात. त्यांच्यातील फरक शोधण्यात महिने घालवणाऱ्याने तेवढा वेळ कोरड्या सरावाला, म्हणजे छर्रा न भरता चाप दाबण्याच्या सरावाला, दिला तर गुण लवकर वाढतात. रेंजच्या पिस्तुलावर काही महिने शिकून, प्रशिक्षकाच्या सल्ल्याने जुने पण सुस्थितीतील पिस्तूल घेणे हा बहुतेकांसाठी शहाणपणाचा मार्ग ठरतो.

जुने पिस्तूल पाहताना सर्वांत आधी हवेच्या नळकांड्यावर कोरलेली तारीख वाचावी. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार नळकांडे उत्पादकाने दिलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त दहा वर्षांच्या आत असावे लागते. मुदत संपलेले नळकांडे म्हणजे नव्याचा खर्च आलाच, तो सौद्यातून वजा करून घ्यावा. त्यानंतर नळकांडे भरून दाबमापकाचा आकडा टिपावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावा. आकडा ठळकपणे उतरला असेल तर सील गेलेले आहे.

पकड सहसा लहान, मध्यम आणि मोठ्या मापात, उजव्या किंवा डाव्या हातासाठी मिळते. मापाची पकड घेतल्याने काम संपत नाही, ती हाताप्रमाणे घडवावी लागते. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून ते मुठीत धरावे, डोळे मिटून हात लक्ष्याच्या उंचीपर्यंत न्यावा, एक श्वास थांबावे आणि मग डोळे उघडावेत. पुढची साइट (नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाशी असलेली उभी पट्टी) मागच्या साइटच्या खाचेच्या मधोमध दिसली तर पकड बरोबर आहे. ती डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेली दिसली तर मनगट वळवून ती मध्ये आणू नये, कारण चाचणीत केलेली ती दुरुस्ती साठ फैरींच्या स्पर्धेत टिकत नाही. जेथे लाकूड हाताला ढकलते तेथे कानसेने थोडे थोडे घासावे, जेथे पोकळी राहते तेथे लाकडाची पुट्टी भरावी, आणि दर वेळी हीच चाचणी करावी. एका बैठकीत फार लाकूड काढू नये, कारण दिवसभराच्या उष्म्याने हात किंचित सुजतो आणि सकाळी बरोबर वाटलेली पकड संध्याकाळी आवळते. तळहाताच्या कडेला आधार देणारी फळी पकडीशी काटकोनापेक्षा वर वळलेली नसावी आणि पकडीचा कोणताही भाग मनगटाला टेकू देणारा नसावा, हे नियम घासकामाच्या वेळीच ध्यानात ठेवावेत.

ट्रिगर, म्हणजे चाप, सुटण्यासाठी लागणारा भार किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. साहित्यतपासणीत नळी उभी धरून चापाने ते वजन उचलून पाहिले जाते आणि चाप आधीच सुटला तर पिस्तूल परत पाठवतात. काही जण नेमका ५०० वर चाप लावतात आणि प्रवासातील हादऱ्यांनी तो ४९५ वर येतो, म्हणून दहा-पंधरा ग्रॅमची सवड ठेवलेली बरी. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये बराचसा भार पहिल्या टप्प्यावर आणि उरलेला दुसऱ्यावर असावा, म्हणजे दुसरा टप्पा सुरू होताना बोट जणू भिंतीला टेकल्याची जाणीव स्पष्ट होते. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर स्वच्छ सुटतो हे खरे, पण त्यासोबत राखीव बॅटरी आणि दुरुस्तीची तयारी ठेवावी लागते. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत कित्येक मिनिटे गेली आणि ६०० पैकी ५७५ गुणांवर त्या बाराव्या राहिल्या. ६० फैरींसाठी ७५ मिनिटे असतात, आणि त्यातील वेळ असा गेला की उरलेल्या फैरींची लयच बदलते.

साइटविषयी एवढेच सांगतो की पिस्तुलावर भिंग किंवा दुर्बीण चालत नाही, नजरेचा नंबर चष्म्यातच हवा. त्या चष्म्याने लक्ष्यावरचा काळा गोल स्पष्ट दिसण्यापेक्षा पुढची साइट स्पष्ट दिसणे महत्त्वाचे असते. दोन साइटमधले अंतर साधारण ३२० मि.मी. असते, त्यामुळे पुढची साइट खाचेत एक मिलिमीटरने जरी सरकली तरी दहा मीटरवर छर्रा तीस मिलिमीटरच्या आसपास भरकटतो. लक्ष्यावरील गुणांच्या लगतच्या दोन वर्तुळांमधले अंतर आठच मिलिमीटर असल्याने ही चूक जवळपास चार गुणांना पडते. हात थोडा हलला तर एवढे नुकसान होत नाही.

आता छर्रे. स्पर्धेत सपाट डोक्याचा ४.५ मि.मी.चा छर्रा वापरतात, कारण तो कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतो. पिस्तुलासाठी ०.४५ ते ०.५३ ग्रॅम वजनाचे छर्रे योग्य असतात आणि त्यांच्या डोक्याचा व्यास ४.४८, ४.४९ किंवा ४.५० असा डब्यावर छापलेला असतो. कोणता व्यास कोणत्या नळीला मानवेल हे आधी सांगता येत नाही, ते मारून पाहावे लागते. पिस्तूल मऊ गादी लावून पक्क्या शिकंजात धरावे, प्रत्येक डब्यातील दहा छर्रे एकाच कागदावर मारावेत आणि भोकांचा बाहेरून बाहेरपर्यंतचा व्यास मोजावा. प्रत्येक डब्यासाठी असे किमान तीन कागद घ्यावेत, कारण एकच सुरेख कागद निव्वळ योगायोगाचाही असू शकतो. सात मिलिमीटरच्या आत राहणारा डबा उत्तम. त्याच उत्पादन क्रमांकाचे जास्त डबे एकदम घेऊन ठेवावेत, कारण नाव तेच असले तरी पुढचा क्रमांक वेगळा वागू शकतो.

या पारखीला तिच्या योग्यतेइतकेच महत्त्व द्यावे. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मि.मी. आहे आणि छर्रा त्या रेषेला नुसता स्पर्शला तरी दहा गुण मिळतात, म्हणजे छर्‍याचे केंद्र मध्यापासून आठ मिलिमीटर दूर गेले तरी चालते. म्हणून ज्याचे गुण अजून ५४० च्या आसपास आहेत त्याने साधा, चांगल्या कंपनीचा छर्रा घेऊन सराव वाढवावा. ५६० च्या पुढे गेल्यावर डब्यांची तुलना फळ देऊ लागते. प्रत्येक छर्रा तराजूवर तोलणे मला निरुपयोगी वाटते. त्यापेक्षा खालची कड चेपलेले छर्रे डोळ्यांनी निवडून बाजूला काढावेत. पावसाळ्यात शिशावर पांढुरकी भुकटी धरते, म्हणून डब्यांत सिलिका जेलची पुडी ठेवावी. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, आणि रेंजवर लहान मुले असतील तर हा नियम त्यांच्याकडून सक्तीने पाळून घ्यावा.

नळकांड्यात कोरडी, गाळलेली हवाच भरावी, तीही उत्पादकाने नेमून दिलेल्या दाबापर्यंत, जो बहुतेक पिस्तुलांत २०० बार असतो. ऑक्सिजन कधीही भरू नये, कारण दाबाखालील ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. हातपंप वापरणाऱ्याने कोकणासारख्या दमट हवेत पंपाचा ओलावा शोषणारा फिल्टर वारंवार बदलावा. विमानाने जाताना नळकांडे पूर्ण रिकामे करून पिस्तुलापासून वेगळे ठेवावे, विमान कंपनीला तिकिटाच्या वेळीच कळवावे आणि पिस्तुलाच्या नळीत सुरक्षा दोरी घातलेली ठेवावी. स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचल्यावर आधी हवा भरण्याची सोय कोठे आहे ते पाहावे आणि मग ट्रिगरचे वजन पुन्हा तपासून साहित्यतपासणीच्या रांगेत उभे राहावे.